पहिला कन्सोल घेताय? आधी गेमची यादी करा

२०२० च्या सुरुवातीला मी एका गेमसाठी प्लेस्टेशन ४ (पीएस ४) हा सोनीचा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, घेतला. सहा महिने पगारातून थोडे थोडे बाजूला काढलेले पैसे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेम पीसीवर आला, आणि तो चालेल असा पीसी माझ्या घरात आधीपासून होता. गेम मनापासून आवडला, कन्सोलही पुढे भरपूर वापरला गेला. पण हे आधी कळलं असतं, तर ते पैसे मी दुसरीकडे लावले असते. 'एक्सक्लुझिव्ह' म्हणजे 'कायमचा फक्त इथेच' असं मी तेव्हा धरून चाललो होतो. आता तसं क्वचितच असतं.

त्यानंतर नात्यातल्या आणि ऑफिसातल्या बऱ्याच जणांना कन्सोल निवडायला मदत केली. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. पहिल्यांदाच कन्सोल घेणारे, मुलांसाठी घेणारे आईवडील आणि पीसी की कन्सोल यात अडकलेले, या सगळ्यांना उपयोग व्हावा.

सुरुवातीला हाताशी एवढं ठेवा:

- एक कोरा कागद. मोबाइलवरही चालेल, पण कागदावर खाडाखोड नीट दिसते.
- बजेटचे दोन आकडे: कन्सोलसाठी किती, आणि वर्षभरात गेमसाठी किती. दुसरा आकडा लोक काढतच नाहीत.
- घरात पीसी किंवा लॅपटॉप असेल तर त्याचं ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि रिकामी जागा यांची नोंद.
- इंटरनेटचा वेग आणि महिन्याची डेटा मर्यादा. आजचा मोठा गेम १०० जीबीच्या आसपास सहज जातो.
- स्वतःच्या ताब्यातला ईमेल. मुलासाठी घेत असाल तर आईचा किंवा वडिलांचा.

१. यंत्र विसरा, पाच गेम लिहा

दुकानात शिरून 'चांगला कन्सोल कुठला' असं विचारलं, तर दुकानदार त्याच्याकडे शिल्लक असलेलाच चांगला म्हणून सांगणार. त्याआधी येत्या वर्षात तुम्ही खरोखर खेळणार असे पाच गेम लिहा. मित्र खेळतात म्हणून हवे असलेले गेम वेगळ्या रांगेत लिहा, कारण तिथे मित्रांकडे कुठलं यंत्र आहे तेही बघावं लागतं. पाच नावं सुचत नसतील तर खरेदी महिनाभर पुढे ढकला.

२. प्रत्येक नावापुढे लिहा: मालक कोण, पैसा कोणाचा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. गेम कुठे येणार आणि कुठे कधीच येणार नाही, याचं उत्तर बहुतेकदा इथेच मिळतं.

गेम घडवणारा स्टुडिओ एक असतो, प्रकाशक दुसरा असू शकतो आणि नावाचा हक्क तिसऱ्याकडे असू शकतो. ऑनलाइन स्टोअरमध्ये गेमच्या पानावर 'डेव्हलपर' (स्टुडिओ) आणि 'पब्लिशर' (प्रकाशक) अशी दोन नावं असतात, आणि हक्काची ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. तिन्ही बघा. मग गेम साधारण यांपैकी एका गटात पडतो.

पहिला गट कन्सोल कंपनीच्या घरच्या गेमचा. गॉड ऑफ वॉर सोनीचा, हेलो एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टचा, मारिओ स्विचवाल्या निन्टेन्डोचा. गेम कुठे न्यायचा हे ती कंपनी एकटी ठरवते.

दुसरा गट जास्त फसवा आहे. स्टुडिओ स्वतंत्र असतो, पण पैसा कन्सोल कंपनीने घातलेला असतो. ब्लडबोर्न बनवला फ्रॉमसॉफ्टवेअरने. त्यांचे डार्क सोल्स, एल्डन रिंग सगळीकडे मिळतात. पण ब्लडबोर्नचा हक्क सोनीकडे आहे, म्हणून मार्च २०१५ मध्ये पीएस ४ वर आलेला हा गेम आजही ना पीसीवर आहे, ना एक्सबॉक्सवर. बायोनेटाचंही तसंच. पहिला भाग २००९ मध्ये पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाला निन्टेन्डोने हात दिला आणि ते निन्टेन्डोच्याच यंत्रांवर राहिले. स्टुडिओचे बाकीचे गेम सगळीकडे आहेत म्हणून हाही येईल, अशा आशेवर अनेक जण वर्षानुवर्षं थांबलेत.

तिसरा गट मुदतीच्या कराराचा. गेम बाहेरच्या प्रकाशकाचा, पण ठरावीक महिने एकाच कन्सोलवर. राइज ऑफ द टूम रेडर नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला, जानेवारी २०१६ मध्ये पीसीवर आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पीएस ४ वर.

मालक बदलला तरी करार संपत नाही, हेही ध्यानात ठेवा. बेथेस्डा या प्रकाशकाची मूळ कंपनी झेनिमॅक्स मायक्रोसॉफ्टने मार्च २०२१ मध्ये विकत घेतली. त्याच बेथेस्डाचा डेथलूप मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये पीएस ५ आणि पीसीवर आला आणि एक्सबॉक्सवर पोचायला पूर्ण वर्ष लागलं. गेम मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा आणि मायक्रोसॉफ्टच्याच कन्सोलवर नाही! सोनीशी करार आधी झाला होता आणि तो पाळला गेला. म्हणून 'अमुक कंपनीने तमुक कंपनी घेतली' ही बातमी वाचून लगेच कन्सोल ठरवू नका.

उलटही होतं. अमेरिकन बेसबॉलचा एमएलबी द शो सोनीचा स्टुडिओ बनवतो, पण बेसबॉल लीगने ठरवलं आणि २०२१ पासून तो एक्सबॉक्सवरही येतो. माइनक्राफ्ट मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलर देऊन घेतला, तरी तो आजही सगळीकडे आहे.

३. ट्रेलरच्या शेवटची ओळ थांबवून वाचा

ट्रेलर संपताना दोन सेकंद खाली बारीक अक्षरं येतात. तिथे व्हिडिओ थांबवा. 'कन्सोल एक्सक्लुझिव्ह' लिहिलं असेल तर दुसऱ्या कन्सोलवर नाही, पीसीवर मात्र असू शकतो. 'लाँच एक्सक्लुझिव्ह' किंवा 'कन्सोल लाँच एक्सक्लुझिव्ह' म्हणजे सुरुवात इथे, पुढचं पुढे. 'अमुक तारखेपर्यंत इतर ठिकाणी उपलब्ध नाही' हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य, कारण त्यात मुदत दिलेली असते.

मुदत संपली की दुसऱ्या दिवशी गेम दुसरीकडे दिसेल असं मात्र समजू नका. फायनल फॅन्टसी १६ जून २०२३ मध्ये पीएस ५ वर आला, तेव्हा सहा महिन्यांची मुदत जाहीर होती. पीसीवर तो आला सप्टेंबर २०२४ मध्ये आणि एक्सबॉक्सवर जून २०२५ मध्ये. करारामुळे कुलूप सहा महिन्यांचं होतं. त्यापुढचा वेळ पोर्ट करायला, म्हणजे गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करायला, आणि प्रकाशकाचा निर्णय व्हायला लागला. या गेमचा प्रकाशक स्क्वेअर एनिक्स. त्यांनी मे २०२४ मध्ये आपण जास्तीत जास्त यंत्रांवर गेम आणणार असं जाहीर केलं. त्यामुळे त्यांच्या पुढच्या गेमसाठी जुना अनुभव जसाच्या तसा लावता येणार नाही.

४. कंपनीची आजची सवय ओळखा

तिन्ही कंपन्यांचं वागणं एकमेकींपासून फार वेगळं आहे.

सोनी आपले कथेचे, एकट्याने खेळायचे गेम आधी प्लेस्टेशनवर आणि नंतर पीसीवर आणत आली आहे. हे अंतर कमी होत गेलंय. होरायझन झिरो डॉन फेब्रुवारी २०१७ चा, पीसीवर ऑगस्ट २०२० मध्ये आला. गॉड ऑफ वॉरला एप्रिल २०१८ ते जानेवारी २०२२ असा वेळ लागला. त्याच्या पुढच्या रॅग्नारोकला नोव्हेंबर २०२२ ते सप्टेंबर २०२४, आणि स्पायडर-मॅन २ ला ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२५. म्हणजे साडेतीन-चार वर्षांवरून सव्वा वर्षावर. पण हा काही नियम नाही. ग्रॅन टुरिस्मो ७ आणि अ‍ॅस्ट्रो बॉट पीसीवर आलेले नाहीत. ऑनलाइन गेमचं गणित वेगळं, कारण तिथे पहिल्याच आठवड्यात गर्दी लागते. हेलडायव्हर्स २ फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएस ५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला.

मायक्रोसॉफ्टचे घरचे गेम कित्येक वर्षांपासून एक्सबॉक्स आणि पीसीवर एकत्रच येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने चार गेम दुसऱ्यांच्या कन्सोलवर नेण्याचं ठरवलं आणि मग दार उघडंच राहिलं. सी ऑफ थीव्ज एप्रिल २०२४ मध्ये पीएस ५ वर गेला. इंडियाना जोन्स एक्सबॉक्सनंतर जेमतेम चार महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये गेला. त्याच महिन्यात फोर्झा होरायझन ५ ही गेला. डूम: द डार्क एजेस मे २०२५ मध्ये एक्सबॉक्स, पीसी आणि पीएस ५ वर एकाच दिवशी आला. २६ ऑगस्ट २०२५ ची तारीख मला विशेष वाटते: त्या एका दिवशी गिअर्स ऑफ वॉर प्लेस्टेशनवर आला आणि हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर. मी खेळायला लागलो तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर हेलोचं नवं रूप पीएस ५ वर आणण्याची घोषणा झाली.

निन्टेन्डोचा मार्ग वेगळा आहे. मारिओ, झेल्डाचे मोठे कन्सोल गेम निन्टेन्डोच्याच यंत्रावर, आणि ते पीसीवर कधी येतील याची वाट बघण्यात अर्थ नाही. त्यांच्या किमतीही सहजासहजी उतरत नाहीत. झेल्डा हवाच असेल तर स्विच घ्या, त्याला दुसरा पर्याय नाही.

हे का बदललं, ते समजलं तर पुढचा अंदाज बांधता येतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांत सोनीचे आकडे नीट न झाकल्यामुळे बाहेर आले: द लास्ट ऑफ अस भाग २ वर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च, होरायझन फॉरबिडन वेस्टवर सुमारे २१ कोटी २० लाख. एवढा पैसा एकाच कन्सोलच्या ग्राहकांकडून वसूल करणं दिवसेंदिवस अवघड होतंय. दुसऱ्याच्या स्टोअरवर गेम विकला की साधारण तीस टक्के त्या स्टोअरचे जातात, तरी उरलेले सत्तर टक्के नव्या ग्राहकाकडून येतात. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलरला घेतली. एवढी मोठी प्रकाशक कंपनी पदरात असताना गेम एकाच यंत्रापुरता ठेवणं परवडणारं नाही. निन्टेन्डोचं अजूनही उलट आहे. तिथे लोक गेमसाठीच यंत्र घेतात.

५. प्रत्येक उशिरामागे करार नसतो

बाल्डर्स गेट ३ पीसीवर ऑगस्ट २०२३ मध्ये आला, पीएस ५ वर सप्टेंबरमध्ये आणि एक्सबॉक्सवर थेट डिसेंबरमध्ये. सोनीने पैसे दिले असणार असं तेव्हा अनेकांनी ठरवून टाकलं. खरी अडचण एक्सबॉक्स सिरीज एसची होती. मोठ्या सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी, छोट्या एसमध्ये १०, आणि दोन्हींवर गेम सारखाच चालला पाहिजे असा आग्रह. एका पडद्यावर दोघांनी खेळायची सोय एसवर जमेना. शेवटी तेवढ्यापुरती सूट मिळाली आणि गेम आला.

रॉकस्टारच्या गेममध्ये पीसी मागे राहतो. जीटीए ५ सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर. रेड डेड रिडेम्प्शन २ ला वर्षभराहून थोडा जास्त वेळ लागला. जीटीए ६ ची घोषणा पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांच्यासाठी झाली आहे. तुमच्या यादीत तो असेल आणि घरात फक्त पीसी असेल, तर पहिल्या दिवशी खेळायला मिळेल असं धरू नका.

६. वाट बघायचे महिने ठरवा

आता प्रत्येक नावापुढे आकडा लिहा: या गेमसाठी मी किती महिने थांबू शकतो? शून्य, बारा, चोवीस, काहीही चालेल, पण खरा लिहा. सव्वा-दीड वर्ष थांबायची तयारी असेल आणि पीसी दमदार असेल, तर सोनीचे बरेचसे गेम कन्सोल न घेता खेळता येतात, तेही सेलमध्ये. ऑनलाइन खेळायला पीसीवर वेगळी वर्गणीही लागत नाही. कन्सोलवर बहुतेक विकतच्या गेमना लागते.

एक धोका मात्र आहे. उशिरा आलेला पोर्ट पहिल्या दिवशी चांगला असतोच असं नाही. द लास्ट ऑफ अस भाग १ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा खूप अडखळत होता आणि पुढच्या अनेक पॅचनंतर (दुरुस्तीच्या अपडेटनंतर) सुधारला. पीसीवर नवा पोर्ट आल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलाच, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की ती सोय साधारणपणे संपते. 'विकत घ्या' आणि 'डाउनलोड करा' यांमध्ये एक श्वास घ्या.

७. डिस्क, डाउनलोड आणि वर्गणी

आपल्याकडे डिस्कचा मोठा फायदा म्हणजे खेळून झालं की विकता येते. मी स्वतः एक डिस्क विकून दुसरी घेतो, आणि वर्षाचं बजेट त्यावरच टिकतं. म्हणून स्वस्त दिसणारा डिजिटल, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला, पीएस ५ घेण्याआधी हिशेब करा. स्लिम डिजिटलला नंतर डिस्क ड्राइव्ह जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. २०२० च्या मूळ डिजिटल मॉडेलला तो जोडताच येत नाही, आणि सेकंडहँड बाजारात नेमकं तेच मॉडेल स्वस्तात दिसतं. पीएस ४ च्या डिस्कवरून पीएस ५ ची सुधारित आवृत्ती घ्यायची असेल तरीही डिस्क ड्राइव्हच लागतो.

स्विच २ च्या काही डब्यांत 'गेम-की कार्ड' असतं. त्यात गेम नसतो. कार्ड घालायचं आणि गेम डाउनलोड करायचा. डब्याच्या पुढच्या बाजूला तसं छापलेलं असतं, ते बघून घ्या.

वर्गणीबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचे घरचे गेम गेम पासच्या वरच्या दर्जात पहिल्याच दिवशी येत आलेत. सोनी आपले मोठे गेम पीएस प्लसमध्ये सहसा पहिल्या दिवशी देत नाही. दोन्हीकडे बाहेरच्या प्रकाशकांचे गेम येतात तसे जातातही. त्यामुळे वर्गणीतल्या गेमच्या भरवशावर कन्सोल निवडू नका.

८. अकाउंट, देश आणि परदेशातले नातेवाईक

अमेरिकेतला काका येताना कन्सोल घेऊन येतो, हे आपल्या घरांत नेहमीचं. तेव्हा काही गोष्टी तपासा. प्लेस्टेशन अकाउंटचा देश एकदा निवडला की बदलता येत नाही, आणि गिफ्ट कार्ड त्याच देशाचं लागतं. परदेशी डिस्क चालते, पण तिचा जास्तीचा भाग, म्हणजे डीएलसी, बहुतेकदा त्याच प्रदेशाच्या स्टोअरमधून घ्यावा लागतो. वॉरंटी खरेदी झालेल्या देशातच चालेल असं धरून चला.

जपानहून येणारा स्विच २ असेल तर आणखी जपून. तिथलं स्वस्त मॉडेल फक्त जपानी भाषेत चालतं आणि त्याला जपानचंच अकाउंट लागतं. माझ्या एका मित्राने ते भारतात एका विक्रेत्याकडून घेतलं. विक्रेत्याने हे सांगितलं नाही आणि परतही घेतलं नाही. स्विच २ जून २०२५ मध्ये बाहेर आला तेव्हा भारतात अधिकृतपणे आला नव्हता. इथे मिळतात ते आयात केलेले. बहुभाषी मॉडेल आहे का हे विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर आलेला गेम मूळ कंपनीचं अकाउंटही मागू शकतो. पीएस ५ वर फोर्झा होरायझन ५ खेळायला मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. मे २०२४ मध्ये सोनीने हेलडायव्हर्स २ च्या पीसी खेळाडूंना प्लेस्टेशन अकाउंट जोडायला सांगितलं. ज्या देशांत ते अकाउंट काढताच येत नव्हतं, तिथल्या खेळाडूंचा गेमच अडकणार होता. गदारोळ झाला आणि काही दिवसांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. तुमचा सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळलात त्याची नोंद, एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाईल असंही समजू नका. 'क्रॉस-प्रोग्रेशन' लिहिलेलं नसेल तर पुन्हा पहिल्यापासून खेळावं लागतं.

९. एक यादी सोडवून दाखवतो

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने पाच नावं लिहिली: अ‍ॅस्ट्रो बॉट, स्पायडर-मॅन २, फोर्झा होरायझन ५, माइनक्राफ्ट, मारिओ कार्ट वर्ल्ड. घरातल्या पीसीला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही.

माइनक्राफ्ट सगळीकडे आहे, त्यामुळे निवड त्याच्यावर अडत नाही. फोर्झा असल्याने दोन वर्षांपूर्वी एक्सबॉक्स म्हटलं असतं. आता तो पीएस ५ वरही आहे. अ‍ॅस्ट्रो बॉट फक्त पीएस ५ वर. स्पायडर-मॅन २ पीसीवर आहे, पण त्यासाठी लागणारा पीसी कन्सोलपेक्षा महाग पडेल. मारिओ कार्ट वर्ल्ड फक्त स्विच २ वर, आणि एका गेमसाठी दुसरं यंत्र घ्यायचं नाही असं तिच्या आईने सांगितलं. भाचीने त्या नावापुढे 'थांबायचे महिने' या रकान्यात छत्तीस लिहिलं.

डिस्क ड्राइव्हवाला पीएस ५ घेतला. अ‍ॅस्ट्रो बॉटची डिस्क नवी, स्पायडर-मॅन २ ची सेकंडहँड. फोर्झासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट आईच्या ईमेलवर काढलं आणि पासवर्ड कन्सोलच्या बिलाच्या मागे लिहून बिल फाइलला लावलं.